रेमंडला होडीतून उतरवण्याची मोहीम

रविवार, ३० एप्रिल
हे लिहायला रेमंडने भाग पाडलं. आज नाश्त्याला, उकडलेल्या अंड्याचं डोकं चमच्याने उडवता उडवता, त्याने जाहीर केलं की त्याला आता कालव्यावर होडीत राहायचं आहे. कायमचं. मी विचारलं, कुणाच्या होडीत? म्हणाला, आपल्या. मी विचारलं, आणि घर? म्हणाला, घर काय कुठे पळून जातंय का. मग त्याने मीठ मागितलं.

जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'हे अक्षर स्पष्ट, की हे?' असं विचारण्यात गेलेला माणूस. स्वतःहून त्याने कधी काही ठरवलेलं नाही. लग्नसुद्धा मीच ठरवलं. आणि आता होडी.

पुढे कोणी म्हणू नये की ग्लेनिसने वेळीच काही केलं नाही, म्हणून तारीखवार नोंद ठेवते आहे. वाचायला कोणाला देणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
उपाय सापडला. वाद घालायचा नाही. शाळेत भूगोल शिकवताना मी हेच करत असे. ज्या मुलीला नदीचं फार वेड, तिला नदीवरच्या सहलीला न्यायचं. मोजे ओले झाले की वेड उतरतं.

एक आठवड्यासाठी नॅरोबोट भाड्याने घेतली आहे. सगळ्या कुटुंबासाठी. सात फूट रुंद, आणि लांबीला आगगाडीच्या डब्याएवढी. बर्मिंगहॅमचे कालवे, म्हणजे कारखान्यांच्या पाठी आणि पाण्यात टाकलेल्या सुपरमार्केटच्या ढकलगाड्या. आठवडा संपायच्या आत रेमंड स्वतःच म्हणेल, चल ग्लेन, घरी जाऊ.

बुधवार, ३ मे
सैन्य जमवलं. सगळ्यांना फोन करून कामं वाटून दिली. तक्रार प्रत्येकाने करायची, पण विषय वेगळा. जावई केल्विन सव्वासहा फूट उंच, त्याने पाठीबद्दल बोलायचं. मुलगी लोर्ना, तिने संडासाबद्दल. माझी धाकटी बहीण अ‍ॅव्हिस हिला सूचना द्यावी लागली नाही. ती लहानपणापासून तक्रारच करते आहे.

लोर्ना म्हणाली, आई, बाबांना सरळ सांग ना, की तुला जायचं नाही. मी म्हटलं, सरळ सांगून या घरात कधी काही झालंय का? ती म्हणाली, कधी करून बघितलंय का? हल्लीच्या मुलींना उत्तर द्यायची घाई असते.

शनिवार, १३ मे
निघालो. होडीचं नाव 'मूरहेन', म्हणजे पाणकोंबडी. शोभतं.

यार्डातल्या माणसाने सगळं समजावलं. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. मला लगेच समजलं. बाकीच्यांसाठी त्याने पुन्हा सांगितलं. सांगताना दर वाक्याला मला 'बॅब' म्हणत होता. इथल्या माणसांची ही जुनी खोड, समोर बाई दिसली की बॅब. मी म्हटलं, मिसेस हॅडली. तो म्हणाला, बरोबर आहे, बॅब.

दुपारी लांबलचक बोगदा. आत काळाकुट्ट अंधार, छतातून थंड पाणी मानेवर. सुकाणूवर रेमंड एकटा. आम्ही आत, दार लावून. थोड्या वेळाने मागून त्याचा हुंदक्यासारखा आवाज आला. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. पहिल्याच दिवशी काम झालं असं वाटलं. जवळ जाऊन ऐकलं.

गात होता.

रविवार, १४ मे
केल्विन फितूर.

सकाळी सगळ्यांसमोर मी मुद्दाम विचारलं, केल्विन, पाठ कशी आहे? ठरलेलं उत्तर होतं, 'मोडली.' तो म्हणाला, ग्लेनिस, काय सांगू, लग्न झाल्यापासून एवढी झोप लागली नव्हती. लोर्नाने त्याला ओला फडका फेकून मारला. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्याने विचारलं, तुमच्या डोळ्यात काही गेलंय का? मग रेमंडने मला खिडकीशी बसवून टॉर्च लावून दोन्ही डोळे तपासले. काही नाही, म्हणाला, फक्त जरा रागावलेले आहेत.

त्यानंतर दिवसभर केल्विन इंजिनाच्या खड्ड्यात डोकं घालून. पाठ दोनात घडी केलेली. वर आला तेव्हा कानापर्यंत ग्रीस आणि चेहऱ्यावर बाळासारखं हसू.

एक गेला. हरकत नाही. तो तसाही आपल्या रक्ताचा नाही.

सोमवार, १५ मे
स्मेथिकचे लॉक. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. पुढे-मागे लाकडी दारं, मध्ये होडी. दारांच्या झडपा लोखंडी हँडलने फिरवून उघडायच्या, पाणी आत येतं, होडी वर चढते. पुढे जाताना झडपा आठवणीने बंद करायच्या. मी सगळ्यांना ओळीत उभं करून हे सांगितलं. सांगून संपेपर्यंत रेमंड होडी वर घेऊन गेला होता. नवशिक्याच्या नशिबाची कमाल.

पुढे कालवा हमरस्त्याच्या खालून जातो. वर लॉऱ्यांची घरघर, खाली काँक्रीटचे खांब आणि काळं पाणी. मी म्हटलं, बघा, ही ती निसर्गाची शोभा. नेमका त्याच वेळी एका खांबाजवळ बगळा उभा होता. लोर्नाने मला गप्प राहायची खूण केली. मला!

लोर्ना पुढच्या टोकाला जाऊन बसली ती उठलीच नाही. फोन बंद करून पिशवीत टाकला. मी संडासाची आठवण करून द्यायला गेले. ती म्हणाली, आई, ऐक ना. मी विचारलं, काय? ती म्हणाली, काही नाही. तेच तर.

दुपारी कोणीच मोकळं नव्हतं म्हणून सुकाणू मी घेतलं. हे काम किती कंटाळवाणं आहे ते रेमंडला दिसावं, हाही हेतू. कंटाळा नीट दिसावा म्हणून अंधारून येईपर्यंत दांडा सोडला नाही. एका पुलावरून एका अनोळखी माणसाने अंगठा वर करून दाखवला. मीही दाखवला. शिष्टाचार म्हणून.

रेमंड दारातून डोकावला. चहा हवा का? मी म्हटलं, नको, माझं ठीक आहे. तो म्हणाला, नक्की? मग म्हटलं, आता तू म्हणतोसच तर दे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं आमच्याकडे हावरटपणा. माझ्या आईच्या घरी तर तिसऱ्या आग्रहाशिवाय बिस्किटाला हात लागत नसे. रेमंडला हे लग्नाआधीपासून पाठ आहे. एवढा एक गुण त्याच्यात आहे.

मंगळवार, १६ मे
सकाळी एक पूल फार अरुंद बांधलेला निघाला. कोपऱ्याला जरा घासलं. सगळ्या कपबशा खाली आल्या आणि अ‍ॅव्हिसचा कुत्रा मेजर हा बाथरूममध्ये जाऊन बसला. पूल बांधणाऱ्यांनी सुकाणू धरणाऱ्याचा विचारच केलेला नाही. रेमंडने काचा गोळा केल्या. म्हणाला, होतं असं.

हे 'होतं असं' आता मला सोसवत नाही.

टिपटनला मुक्काम. शेजारी एक जुनी होडी, तिच्यात वॉल्ट नावाचा म्हातारा राहतो. एकटा. छपरावर कांद्याच्या पातीची कुंडी. अ‍ॅव्हिसने त्याला पाहून नाक मुरडलं तेव्हा मला आशा वाटली. रात्रीच्या जेवणाआधी बघते तर ती त्याच्या होडीत डॉमिनो खेळते आहे. मी हाक मारली, अ‍ॅव्हिस, तुझ्या गुडघ्याला ओल बाधेल. आतून ती ओरडली, गुडघा मजेत आहे. मग दोघंही हसली. वॉल्ट म्हणाला, बहीण आत येते आहे का, बॅब? मी म्हटलं, माझं इथं ठीक आहे. तो म्हणाला, बरं मग. आणि दार ओढून घेतलं. संस्कार नाहीत.

दुसरी फितुरी. मेजरने आज रेमंडच्या पायावर झोपायला सुरुवात केली. त्याला धरून तीन.

बुधवार, १७ मे
परतीचा रस्ता. तीन लॉक उतरायचे होते, पण केल्विनने पब पाहिला. म्हणून मधल्याच पट्ट्यात, दोन लॉकच्या दरम्यान, होडी बांधली. वॉल्टही मागून आला आणि त्याने आपली होडी शेजारीच बांधली. हा माणूस आमच्यामागे का?

स्पष्ट लिहायचं तर मोहीम थोडी मागे पडली आहे. गैरसोय पुरेशी होत नाहीये. पाऊस पडला तर सगळे पत्ते खेळतात, जेवण करपलं तर चिप्स आणतात. शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे, की कधी कधी प्रयोग होण्याची वाट बघून चालत नाही.

जेवणानंतर खालच्या लॉकपर्यंत एकटी फिरून आले. जाताना लोखंडी हँडल बरोबर नेलं. हातात काहीतरी असावं.

गुरुवार, १८ मे
सकाळी जाग आली ती भिंतीवर. होडी एका कुशीवर कललेली. पट्ट्यातलं सगळं पाणी रात्रीत वाहून गेलेलं. खाली चिखल, चिखलात एक सायकल. अ‍ॅव्हिस पलंगावरून घरंगळून मेजरवर पडलेली. तव्यासकट सगळं स्वयंपाकघर एका कोपऱ्यात.

मी घाईने रेमंडचा चेहरा बघायला गेले. हाच तो क्षण, असं मला वाटत होतं. रेमंड दारात तिरपा उभा राहून पोट धरून हसत होता. एवढा हसताना मी त्याला लोर्नाच्या लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही.

मग तो कामाला लागला. केल्विनला खाली पाठवलं, खालची झडप बंद कर म्हणून. लोर्नाला दोरखंड सैल करायला सांगितलं. स्वतः वरच्या लॉकवर जाऊन पाणी सोडलं. जास्त नाही, बेतानं, वरचा पट्टा रिकामा होऊ नये म्हणून. हँडल असं फिरवत होता जसं मी खडू फिरवते. मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? तेवढ्यात वॉल्ट काठाने आला, हातात बेकनचे सँडविच. म्हणाला, रे, ब्राऊन सॉस घालू ना? नेहमीसारखा?

रे.

माझ्या नवऱ्याला कोणी 'रे' म्हणतं हे मला माहीत नव्हतं. त्याला ब्राऊन सॉस आवडतो हेही.

मग बाहेर आलं. रेमंड दोन वर्षांपासून दर मंगळवारी टिपटनला जातो. लॉकवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना हात देतो. फुकट, हौसेनं. वॉल्टची ओळख तिथलीच. आणि मला काय सांगितलं होतं? बोलिंग ग्रीनवर जातो. गवतावर चेंडू घरंगळवायला. त्यासाठीची पांढरी पँट मी दर सोमवारी इस्त्री करत होते. पँटला कधी गवताचा डाग नाही, म्हणून मी शेजारणीकडे त्याचं कौतुक केलं होतं. पँट टिपटनला पिशवीतच राहायची.

लोर्नाला माहीत होतं. केल्विनला माहीत होतं. अ‍ॅव्हिस म्हणाली, मला नव्हतं हं माहीत, पण असतं तरी सांगितलं नसतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? रेमंड म्हणाला, तू मला सुधारलं असतंस.

सगळे तिरप्या काठावर बसून सँडविच खात होते, सहलीला आल्यासारखे. वॉल्ट म्हणाला, कोणीतरी खालची झडप अर्धी उघडी ठेवून गेलं. नवशिके असतील, नाहीतर पोरं. मी हल्लीच्या पोरांबद्दल थोडं बोलले. रेमंडने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, होतं असं.

झडप कोणी उघडी ठेवली हे कळलं नाही. कळण्याची गरजही नाही.

तोच दिवस, दुपारी
कोणाशी बोलायचं नाही म्हणून सुकाणू धरलं. एकही पूल लागला नाही. म्हणजे, पूल बरेच होते, पण धक्का एकालाही लागला नाही. नव्या कालव्याचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, मध्ये कोवळी झाडं. एक बदक पिलांना घेऊन बराच वेळ पुढे पुढे चाललं होतं. मी वेग कमी केला. नियम आहे.

नंतर लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. लगेच थांबवलं.

शुक्रवार, १९ मे
शहराच्या मध्यावर, गॅस स्ट्रीटला मुक्काम. शेवटची संध्याकाळ. छपरावर बसून मासे आणि चिप्स.

आज मी ठरवलं होतं की रेमंडला एक संधी द्यायची. अगदी मान्य करायचं नाही, पण ऐकून घ्यायचं. वर्षातले काही महिने, उन्हाळ्यातले, माझ्या अटींवर. सुकाणू मी, स्वयंपाक तो. पडद्यांचा रंगही मनात आला होता.

त्यानेच विषय काढला. वॉल्टला डॉक्टरने होडी सोडायला सांगितलं आहे. तो मुलीकडे जातो आहे. होडी रेमंड घेतो आहे. शब्द दिला आहे. घर आहे तसंच राहील, ग्लेन, तुझ्या एकाही खिडकीला मी हात लावणार नाही, म्हणाला. मग त्याने चिप्सचा कागद गुडघ्यावर ठेवला, माझ्याकडे वळला आणि विचारलं, तू येशील?

मी म्हटलं, नको. माझं घरी ठीक आहे.

आणि थांबले.

तो म्हणाला, बरं. मग त्याने केल्विनला विचारलं, व्हिनेगर तिकडे आहे का?

दुसऱ्यांदा विचारलं नाही. चहाच्या कपासाठी विचारतो, टोस्टसाठी विचारतो, उशी हवी का म्हणून तीनदा विचारतो. आणि हे एकदाच!

लोर्नाने माझा हात दाबला. बरं झालं आई, म्हणाली, एकदाचं सरळ बोललीस. केल्विन म्हणाला, ग्लेनिसचा तर आठवडाभर जीव नुसता मेटाकुटीला आलाय, सारखं सांगत होत्या. अ‍ॅव्हिस म्हणाली, हिला ओढून नेणं म्हणजे क्रूरपणा होईल. सगळ्यांच्या माना हलल्या. रेमंडचीही.

दगा. चौघांचा. मेजर धरून पाचांचा. तक्रार करायला मी सांगितलं होतं तेव्हा एकानेही केली नाही. आणि माझ्या तक्रारी मात्र सगळ्यांनी मनापासून ऐकून घेतल्या.

शनिवार, २० मे
होडी परत केली. सकाळपासून रेमंडला पुन्हा विचारण्याच्या पुष्कळ संधी दिल्या. सुकाणूवर त्याच्या शेजारी उभी राहिले. खोकले. म्हटलं, हिवाळ्यात तिथं थंडी असेल. म्हणाला, वॉल्टचा स्टोव्ह चांगला आहे. म्हटलं, तुझ्या शर्टांना इस्त्री कोण करणार? म्हणाला, करणारच नाही. म्हटलं, बोगद्यात एकट्याने जाणं बरं नव्हे. तो म्हणाला, मी गातो.

यापेक्षा स्पष्ट बोलायला मी काही रस्त्यावर पडलेली नाही.

यार्डातल्या माणसाने कोपऱ्यावरचा ओरखडा पाहिला. हे कोणी, म्हणाला. केल्विन, लोर्ना आणि अ‍ॅव्हिस, तिघांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. रेमंड म्हणाला, मी.

गुरुवार, २५ मे
विचारलं नाही.

सोमवार, २९ मे
सुट्टी. विचारलं. लोखंडी तवा कुठे आहे.

शनिवार, ३ जून
लोर्नाचा फोन. आई, तुला जायचं असेल तर बाबांना सांग ना. मी म्हटलं, मला कुठे जायचंय? ती म्हणाली, मग बरं. हिलाही पहिल्याच वेळी पटतं. हिला मी वाढवलं कसं?

एकूण पाहता मोहीम अयशस्वी म्हणता येणार नाही. घर वाचलं. मूळ उद्देश घर हाच होता. अंडं एकच उकडायला वेळही कमी लागतो, करून पाहिलं.

मंगळवार, ६ जून
आज निश्चय केला. जेवताना स्पष्ट सांगायचं: रेमंड, मी येते. तीन शब्द. आरशासमोर म्हणून पाहिले, सोपे आहेत. जेवताना तो फारच आनंदात होता, होडीच्या दाराचा रंग सांगत होता. त्याला मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, हिरवा लवकर उडतो. तो म्हणाला, मग निळा देतो. माझा सल्ला त्याने मानला, याची नोंद असावी.

उद्या सांगेन.

शुक्रवार, ९ जून
दोन दिवस त्याचं सामान बांधण्यात गेले. त्याला घडी घालता येत नाही.

शनिवार, १० जून
केल्विन व्हॅन घेऊन आला. रेमंड दारात थोडा वेळ उभा राहिला. म्हणाला, येतो मग, ग्लेन. रविवारी जेवायला येईन. ठीक राहशील ना? मी म्हटलं, ठीक आहे माझं. तो गाडीकडे गेला, अर्ध्यातून वळला. मी फाटकाशी गेले. त्याने विचारलं, बरण्यांची पेटी टाकली का? टाकली, मी म्हटलं.

गल्लीच्या टोकापर्यंत व्हॅन दिसत होती. नंतर नाही.

विसरायला नको म्हणून, रेमंडच्या ताब्यात दिलेलं सामान:
लोखंडी तवा.
माझ्या आईची चहाची किटली, झाकणासह.
लोकरीची ब्लँकेट्स, जाड.
मार्मालेडच्या बरण्या. त्यातल्या आल्याच्या त्याला आवडत नाहीत, मला आवडतात.
कप, दोन. त्याने एक मागितला होता. जोडी फोडता येत नाही.
माझे रबरी बूट. हे चुकून गेले. आणायला जावं लागेल.